ग्रीक चित्रांत सजवलेला बैल दिसतो, कापणं का दिसत नाही? (शाळेच्या भिंतीवर पोळा काढायचाय म्हणून विचारतोय)

चित्रकला_मास्तर_आर्वी

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात शाळेवर आहे. शाळेच्या व्हरांड्यात खिडक्यांच्या वर एक लांबच लांब कोरी पट्टी आहे, ४२ फूट लांब आणि उंची फक्त सव्वातीन फूट. गावानं वर्गणी करून रंग आणून दिले आणि म्हणाले गुरुजी इथं आपला पोळा काढा, आता ट्रॅक्टर आले, आखरावर (पोळा भरतो त्या मोकळ्या जागेत) बैलजोड्या दरवर्षी कमी होऊन राहिल्या, लेकरांना दाखवायला भिंतीवर तरी राहील. मला हे काम मनापासून करायचंय म्हणून महिना झाला रात्री मोबाईलवर हेच पाहत बसतो की एवढ्या बुटक्या पट्टीत आख्खी मिरवणूक कोणी बसवली आणि कशी बसवली.

शोधता शोधता अथेन्सचं पार्थेनॉन देऊळ सापडलं. त्याच्या भिंतीवर वरच्या बाजूला चहूकडून दगडात कोरलेली पट्टी होती, लांबी जवळजवळ १६० मीटर आणि उंची एकच मीटर, म्हणजे माझ्या पट्टीएवढीच! अथेना देवीच्या उत्सवाची मिरवणूक आहे ती असं बहुतेक सगळे मानतात. घोडेस्वार, रथ, खांद्यावर पाण्याच्या घागरी घेतलेली पोरं, वाजवणारे, आणि गायी-बैल. त्यातली एक गाय मान वर करून हंबरते आहे आणि धरणारा माणूस दाव्याला मागं रेटून उभा, ते पाहून मी अर्धा तास तिथंच थांबलो. ज्यानं कोरलं त्यानं जनावर जवळून हाताळलेलं असणार, नाहीतर मानेखालची ती लोंबती कातडी अशी येत नाही.

आता प्रश्न. ही जनावरं बळी द्यायला चालली आहेत असं सगळीकडे लिहिलंय. पण पूर्वेच्या बाजूला जिथं मिरवणूक संपते तिथं कापणं नाही, वेदीसुद्धा नाही. मधोमध दोघंजण एक कापड हातात धरून आहेत, देवीचं नवीन वस्त्र, आणि आजूबाजूला देव आरामात बसलेले. मग मातीच्या भांड्यांवरची चित्रं पाहिली तर तिथंही तेच. बैल पट्ट्या-फिती बांधून वेदीपाशी उभा, आणि दुसऱ्या भांड्यावर एकदम सळईवर मांस भाजणं चालू. मधलं कुठं गेलं? लाज होती, अपशकुन होता का चित्रकाराला तसा नियमच होता? कोणाला माहीत असेल तर नीट समजावून सांगा, मला घाई नाही.

मातीचं_भांडं

मास्तर, प्रश्न नेमका पकडलात, यावर अभ्यासकांचा वाद पन्नास वर्षं चालू आहे. मी नागपूरला प्राचीन इतिहासात एमए केलं तेव्हापासून या भांड्यांच्या मागं आहे, म्हणून जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

आधी एक सांगतो, अगदीच दिसत नाही असं नाही, फार थोडं दिसतं. इटलीत व्हितेर्बो गावच्या म्युझियममध्ये इ.स.पू. ५५० च्या सुमाराचा एक मोठा दोन कानांचा घडा आहे, त्याच्यावर माणसांच्या घोळक्यानं आख्खा बैल खांद्यांवर उचलून धरलाय, एकजण गळ्याला सुरी लावतो आणि खाली रक्त धरायला भांडं. पण अशी चित्रं बोटांवर मोजण्याइतकी. आणि याच्या उलट ब्रिटिश म्युझियममध्ये त्याच काळाच्या आसपासचं एक भांडं आहे, त्यावर ट्रॉयच्या राजकन्येला, पॉलिक्झेनाला, तीन योद्ध्यांनी आडवं धरलंय आणि ग्रीक वीर अकिलीसच्या थडग्यावर तिचा गळा चिरतात, रक्ताची धार स्पष्ट रंगवलेली. म्हणजे रक्त काढायला चित्रकार कचरत होता असं म्हणताच येत नाही. पुराणकथेत तो ते काढायचा, गावच्या पूजेत नाही काढायचा.

का, याची दोन उत्तरं. वाल्टर बुर्केर्ट नावाच्या जर्मन विद्वानानं १९७० च्या दशकात मांडलं की जीव घेण्याचं ओझं त्या लोकांच्या मनावर होतं आणि सगळा विधी ते ओझं हलकं करण्यासाठी रचलेला होता. सुरी उघडी आणायची नाही, टोपलीत धान्याखाली लपवून आणायची, जनावरावर पाणी शिंपडायचं म्हणजे ते मान हलवील आणि जणू 'हो' म्हणेल. ही टोपली मानाची, चांगल्या घरची कुवार पोरगी ती डोक्यावर घेऊन मिरवणुकीच्या पुढं चालायची. दुसरं उत्तर डच अभ्यासक फान स्ट्राटेन याचं. त्यानं शेकडो चित्रं आणि दगडी फलक एकत्र मांडून पाहिले आणि म्हणाला की लपवालपवी वगैरे काही नाही, लोकांना त्या क्षणाचं विशेष वाटतच नव्हतं. त्यांना दाखवायचं होतं की आम्ही देवाला किती देखणं जनावर आणलं, आणि ते देवानं घेतलं. मला हे जास्त पटतं. आपण तरी लग्नाच्या अल्बममध्ये काय ठेवतो, नवरदेव, मंडप, पंगत. स्वयंपाकाच्या चुली पेटल्याशिवाय पंगत उठत नाही पण तो फोटो कोणी चिकटवत नाही.

देवानं घेतलं हे चित्रात कसं दाखवणार? शेपटीवरून! वेदीवर जाळात देवाचा वाटा ठेवलेला असतो, त्यात पुष्कळ चित्रांत एक वाकडी, वर वळलेली वस्तू दिसते. फार दिवस लोक तिला शिंग समजायचे. ती बैलाची शेपटी आहे. अभ्यासकांनी खरोखर शेपटी जाळात ठेवून पाहिली तर उष्णतेनं ती तशीच वर उचलून वळते. शेपटी छान वळली की देव प्रसन्न. बाजूला पोरं लांब सळयांवर काळीज-यकृत भाजत असतात आणि वेदीच्या दगडावरून लाल ओघळ आलेले असतात. तेवढं रक्त चित्रकारानं ठेवलंय, आणि ते डाग वेदीवर राहणं चांगलंच मानलं जायचं.

भिंतीसाठी एक सुचवतो. पार्थेनॉनची पश्चिमेची बाजू पुन्हा बघा. तिथं मिरवणूक सुरूच झालेली नाही, एकजण पायातल्या वहाणा बांधतो, कोणी घोड्याला आवरतो. तयारीपासून सुरुवात केली आहे. आणि नैऋत्येच्या कोपऱ्यातून दोन रांगा फुटतात, एक उत्तरेकडून एक दक्षिणेकडून, त्या पूर्वेला भेटतात. पट्टी जमिनीपासून फार उंच होती म्हणून कोरणाऱ्यानं वरचा भाग जास्त उठावाचा ठेवला, खालचा कमी, म्हणजे खालून पाहणाऱ्याला डोकी नीट दिसतील. आज पांढरा दगड दिसतो पण तेव्हा ती रंगवलेली होती, घोड्यांचे लगाम धातूचे वेगळे बसवले होते, त्यांची भोकं अजून आहेत. तुमची पट्टी पण खिडक्यांच्या वर आहे तर पायांपेक्षा शिंगांवर रंग खर्च करा.

वावरवाला

राम राम गुरुजी. सगळं वाचलं दोन डाव. खरं सांगतो मले ते देखण्या जनावराचं वाचून कसंतरी झालं. सजवाचं अन मंग कापाचं, हे डोक्यात बसत नाही.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या रोजी सांजच्याले खांदशेकणी राहते. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवलं तो खांदा हळद-लोणी लावून शेकाचा अन बैलाच्या कानात सांगाचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या रोजी नदीवर धुवाचं, शिंगाले हिंगूळ, त्याच्यावर बेगड, मठाटी, घोगरमाळ, झूल, नवा कासरा. त्या दिवशी जू नाही, वावर नाही, चाबूक तं हातातच घेत नाही कोनी. पुरनपोळी पयले बैल खाते मंग घरधनी. माया मोत्या सतरा वर्स होता माया घरी, दोन वर्साआधी गेला. वावराच्या धुऱ्यावर गाडला अन वर कडुनिंब लावला. म्हनून मी इचारून राहिलो, थे ग्रीक लोक बी शेतकरीच असन ना? नांगराच्या बैलाचं त्याइले काहीच वाटत नव्हतं काय?

मातीचं_भांडं

भाऊ, तुमच्या प्रश्नाला तर अथेन्समध्ये एक आख्खा सणच होता. नाव बुफोनिया, म्हणजे सरळ अर्थ 'बैलाची हत्या'. कापणं म्हणत नव्हते, हत्या म्हणत होते, माणसाच्या खुनाला वापरायचा शब्द.

अक्रोपोलिस टेकडीवर झ्यूस देवाच्या वेदीवर धान्य ठेवायचे आणि बैल मोकळे सोडायचे. जो बैल देवाचं धान्य खाईल तो मारायचा. मारणारा माणूस कुऱ्हाड टाकून पळून जायचा. मग खटला! पाणी आणणाऱ्या पोरी म्हणायच्या आमचा दोष नाही, धार लावणाऱ्यांचा. ते म्हणायचे कुऱ्हाड हातात देणाऱ्याचा. असं करत करत दोष शेवटी हत्याराच्या माथी, त्याला बोलता येत नाही म्हणून तेच दोषी आणि ते समुद्रात फेकायचं. आणि शेवटी त्या बैलाचं कातडं शिवून, त्यात गवत भरून त्याला उभा करायचे आणि नांगराला जुंपायचे. हे पोर्फिरी नावाच्या प्राचीन लेखकानं लिहून ठेवलंय, पॉसेनियस या प्रवाशानंही त्या सणाबद्दल आणि कुऱ्हाडीच्या खटल्याबद्दल सांगितलंय. नांगराचा बैल मारू नये असा अथेन्सचा दंडक होता असंही जुन्या लेखकांनी लिहिलंय. काहीच वाटत नसतं तर मेलेल्या बैलाला परत नांगराला कशाला जुंपलं असतं.

याचं चित्र पण आहे म्हणतात. अथेन्समध्ये एक छोटंसं जुनं चर्च आहे, लिटल मेट्रोपोलिस, ते बांधताना जुन्या देवळांचे कोरीव दगड भिंतीत बसवले. त्यात एका दगडी पट्टीवर वर्षभराचे सण महिन्यांच्या क्रमानं कोरले आहेत आणि त्यातली बैलासोबतची एक आकृती बुफोनियाची समजतात. त्याच पट्टीवर देवीच्या उत्सवाचं जहाजही आहे आणि ख्रिस्ती लोकांनी मधेमधे क्रूस कोरून टाकले आहेत.

आणि शिंगांचं राहिलं. होमरच्या ओडिसी या ग्रीक महाकाव्यात राजा नेस्टर अथेनाला कालवड देतो तेव्हा आधी सोनाराला बोलावून तिच्या शिंगांना सोनं चढवतो, देवीला बघून बरं वाटावं म्हणून. तुमच्या बेगडाची आठवण आली मला वाचताना.

वरूडची_काकू

मास्तर तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध नाही पण विचारते. माझ्या नातीनं मला मोबाईलवर एक ग्रीक भांडं दाखवलं. एक खांब, त्याला दाढीवाला मुखवटा लावलेला, खांबाला कापड नेसवलेलं, डोक्याभोवती पानं खोचलेली, समोर चौरंगासारखं मेज त्यावर भांडी आणि बायका पळीनं काहीतरी काढून राहिल्या. मी म्हटलं बाई ही तर आपली महालक्ष्मीच मांडली!

आमच्या घरी सासूबाईंच्या सासूपासून महालक्ष्म्या आहेत, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. कोठीत गहू-तांदूळ भरायचे, वर मुखवटा बसवायचा, साडी नेसवायची, निऱ्या नीट बसेपर्यंत दोघीतिघींचे हात लागतात. मुखवटा बसेपर्यंत ती पत्र्याची कोठी असते आणि बसला की घरातली सगळी माणसं आवाज खाली करतात, लेकरंसुद्धा. सोळा भाज्या, आंबील, पुरणाचे दिवे. त्या चित्रातल्या बाया ज्या मन लावून काम करून राहिल्या ना, ते तोंड मला ओळखीचं वाटलं. ते काय आहे सांगाल का?

विदर्भ_पुत्र_९

काकू सोपं आहे, हे सगळं आपल्याकडूनच तिकडं गेलं. मुखवटा आपला, बैल आपला, शिंगं मढवणं आपलं. मास्तरांनी भिंतीवर हे पण लिहावं.

मातीचं_भांडं

काकू, तो मुखवटा डायोनिससचा, द्राक्षाच्या दारूचा देव. त्या भांड्याला स्टॅम्नॉस म्हणतात, रुंद पोटाचं, आणि बायका ज्यातून पळीनं दारू काढतात तेही तसलंच भांडं आहे, म्हणजे भांड्यावरच भांड्याचा उपयोग काढलाय. अशी बरीच भांडी आहेत, इ.स.पू. पाचव्या शतकातली. त्यातलं सगळ्यात देखणं नेपल्सच्या म्युझियममध्ये, इ.स.पू. ४२० च्या सुमाराचं, त्यात मुखवट्याच्या आजूबाजूच्या बायका नाचतात, एकीच्या हातात डफ. हा सण कोणता यावर एकमत नाही, कोणी लेनाया म्हणतं कोणी अँथेस्टेरिया.

तुम्ही कोठीचं लिहिलं ते मला फार मोलाचं वाटलं. पुस्तकात आम्ही वाचतो की मुखवटा आणि खांब दोन्ही उघड दिसतात तरी बायका त्याला देव समजून वागतात, आणि त्यावर पानंच्या पानं चर्चा. तुम्ही एका ओळीत सांगितलं की कोठी कधीपर्यंत कोठी असते.

विदर्भ_पुत्र भाऊ, रागावू नका पण हे मला मान्य नाही आणि भिंतीवर तर बिलकुल लिहू नका. याला पुरावा नाही. जिथं नांगर आहे आणि बैल आहे तिथं माणूस बैलाला सजवणारच, त्याला कोणाकडून शिकायची गरज नाही. आणि फरक बघा ना, तिकडं मिरवणूक वेदीवर संपते, इकडं दारात पुरणपोळीवर. काकूंच्या कोठीत धान्य आहे, त्यांच्या भांड्यात दारू. सगळं एकच म्हटलं की दोन्हीकडचं बघायचं राहून जातं. अजून एक, यातली कितीतरी भांडी अथेन्समध्ये रंगवली पण सापडली इटलीत, एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत. माल विकायला काढलेला असायचा. त्यामुळं चित्रात दिसलं ते सगळं तसंच्या तसं घडायचं असंही धरू नये, कॅमेरा नव्हता तो, चित्रकार निवडून काढायचा.

मास्तर, तुमच्याकडे तान्हा पोळा, लेकरांचा लाकडी बैलांचा पोळा, असेलच. अँथेस्टेरियाच्या सणात लहान लेकरांसाठी छोट्या सुरया करायचे, 'खोएस' म्हणतात त्यांना, आणि त्यावर चित्रंही लेकरांचीच. गुबगुबीत पोरं, गळ्यात-अंगावर ताईतांची माळ, काठीच्या टोकाला चाकं लावलेली गाडी ढकलताना, कुत्र्यामागं रांगताना. तीन वर्षांच्या लेकराला त्या सणात फुलांचा मुकुट घालायचे. अशा सुरया लहान लेकरांच्या थडग्यांतही ठेवलेल्या सापडल्या आहेत.

वरूडची_काकू

हे शेवटचं वाचून जीव भरून आला. आमच्याकडे लेकरांचा लाकडी बैल माळ्यावरच ठेवतात, मोठं झालं तरी फेकत नाहीत.

एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, डोळे बरे झाले की. तसं काही त्यांच्यात?

मातीचं_भांडं

हो काकू, भरपूर. वैद्यदेव अस्क्लेपिओसच्या कॉरिंथमधल्या देवळातून मातीचे हात, पाय, कान अशी अवयवांची रासच्या रास निघाली आहे. आणि मला सगळ्यात आवडतो तो अथेन्सच्या म्युझियममधला एक दगडी फलक, अर्खिनोस नावाच्या माणसानं अम्फिअराओस या बरं करणाऱ्या देवाला वाहिलेला, इ.स.पू. चौथ्या शतकातला. एकाच फलकात तो माणूस तीनदा आहे. एका बाजूला देव स्वतः त्याच्या खांद्यावर उपचार करतो, मागं तोच माणूस देवळात झोपलाय आणि साप त्याचा खांदा चाटतो, आणि टोकाला तोच हात वर करून उभा, नवस फेडताना. झोपेत त्याला जे दिसलं आणि बाहेरून जे घडलं ते दोन्ही शेजारी शेजारी! अशा फलकांवर देव नेहमी मोठा काढतात आणि माणसं लहान, बायको-लेकरांसकट रांगेत. ज्यानं फलक वाहिला त्याला आपलं आख्खं घर देवासमोर कायम उभं राहावं असं वाटायचं.

चित्रकला_मास्तर_आर्वी

तीन दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितो. सगळ्यांचे मनापासून आभार.

माझं आता असं ठरलंय. मी आधी सगळ्या जोड्या एका दिशेनं चालवणार होतो, ते रद्द. दोन्ही टोकांकडून जोड्या येतील आणि मध्ये आखरावरच्या तोरणाखाली भेटतील. डाव्या टोकाला पोळा नाहीच, आदल्या संध्याकाळची खांदशेकणी, एका कोपऱ्यात एक माणूस आणि एक बैल आणि हळदीची वाटी, बस. तोरणाखाली झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणणारे म्हातारे, त्यांची तोंडं उघडी हवीत, गावातले तिघंजण मी बसवून काढणार आहे. उजव्या टोकाला दारात बाई बैलाचे पाय धुते आणि एक लेकरू चाकाचा लाकडी बैल ओढत त्याच्यामागं, ते खोएसवालं वाचल्यावर सुचलं. बोजारा (पोळ्याची खुशाली) मागणारी पोरं पण घ्यायची आहेत, जागा उरली तर.

तोरण कोण तोडतं, मान कोणाचा, यावरून आमच्या गावात पूर्वी फार वाद झालेत. तो क्षण मी काढणार नाही. तोरण बांधलेलंच राहील.

शेपटीचं पण लक्षात ठेवलंय. आमचे बैल माशा हाकलतात, तेव्हा शेपटी पाठीवरून अशी वर जाते, एक तरी तशी काढतो.

वावरवाला भाऊ, तुमच्या मोत्याचा फोटो असेल तर पाठवाल का? खांदशेकणीचा बैल मला मनानं काढायचा नाही.

वावरवाला

पाठवतो गुरुजी. फोटो उजवीकडून हाये म्हनून सांगतो, डाव्या शिंगाचं टोक तुटकं व्हतं, बोटभर. तसंच काढजा. अन खांद्यावर जुवाचा घट्टा व्हता, थो काळा नका करू, राखेसारखा रंग व्हता त्याचा.